चावीवाल्याची झेंडी

काकाजींच्या शेतात शिरायचं तर आधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बोरीकडे पाहावं लागायचं. तिथे ते झेंडी खोचून ठेवत. हिरवी असली तर या, लाल असली तर जिथे असाल तिथेच उभे राहा. लाल कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती. एकदा तालुक्याहून एक कृषी साहेब मोटरसायकलवर आले, झेंडी पाहून हसले आणि गाडी तशीच आत घातली. काकाजी वावराच्या मधून दोन्ही हात वर करून धावत सुटले, येणारी गाडी थांबवायला रुळावरून धावतात तसे. साहेबांनी घाबरून ब्रेक दाबला. पुढच्या चाकापासून तीन हातांवर, उघड्या ढेकळांत, टिटवीची चार अंडी होती. बोट दाखवूनही साहेबांना ती दिसेनात. त्या वर्षी तेवढी जागा सोडून सोयाबीन पेरलं गेलं. हिरव्या वावरात मधोमध खाटेएवढा काळा चौकोन राहिला आणि गावाला पावसाळाभर पुरेल एवढी गंमत मिळाली.

काकाजी रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज पायी फिरून तपासायच्या, ढिली दिसली की ठोकायची, आणि काही मोठं दिसलं तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची, हे त्यांचं काम. सिंदीच्या आसपासच्या रुळांवर त्यांनी सगळी नोकरी याच कामात काढली. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर तीन एकर घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून तीच हातोडी घेऊन तिथे फेरी सुरू केली. सकाळी सहाला निघायचं, धुऱ्याधुऱ्याने एक चक्कर मारायची, वाटेतल्या प्रत्येक झाडाला हलकेच एक ठोका द्यायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं. निंबाच्या खोडातून आवाज बद्द आला की उकिडवं बसून बुंध्याशी किडीने पाडलेला भुसा सापडतो का ते बघायचं. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "मानूस रिटायर झाला, ड्यूटी नाई झाली." काकूंच्या दृष्टीने एवढंच बरं होतं की माणूस सकाळचा दोन तास घराबाहेर राहायचा.

पहिली पाच वर्षं त्यांनी त्या जमिनीत काहीही बदललं नाही. आधीचा मालक जे पेरायचा तेच पेरलं. फक्त फिरले आणि वहीत लिहिलं. लोक विचारत, एवढी जमीन घेऊन बसला, करत काऊन नाही काही? त्यांचे वडील, आजोबा, सगळे दुसऱ्यांच्या वावरात राबलेले. "आमच्या घराण्यातली हे पयली जमीन," ते म्हणायचे. "नवी सून घरात आली तं पयल्याच दिवशी तिले कामाले लावते काय कोनी?" यावर काकू आतून काहीतरी पुटपुटायच्या. त्यांचा स्वतःचा अनुभव वेगळा होता म्हणे.

मी त्यांच्याकडे पोचले ती मात्र पुष्कळ काही करायच्या तयारीने. नागपूरला कॉलेज झालं, दोन वर्षं एका ऑफिसात खुर्ची गरम करून झाली, मग दक्षिणेत जाऊन दोन आठवड्यांचा पर्माकल्चरचा कोर्स केला आणि प्रमाणपत्र घेऊन नालवाडीला घरी परतले. यापुढे हेच करणार, शेती निसर्गाच्या रीतीने कशी मांडायची ते लोकांना शिकवणार, मुलांना रानात नेणार, असं मी जाहीर केलं. वडिलांनी पगार किती मिळेल ते विचारलं. आईची अडचण वेगळी होती. माझ्या लग्नाच्या बायोडेटात 'व्यवसाय' या शब्दापुढे काय लिहायचं हे तिला कळेना. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोकाईले झाडाखाली बसवनार हाय म्हन्ते." शेजारीण म्हणाली, "अन् लोक बसतीन?" प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी वडिलांशी तह झाला. पुढच्या दिवाळीपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर नागपूरच्या एका बियाणे कंपनीत त्यांच्या ओळखीने मिळणारी नोकरी निमूट धरायची.

सिंदीला माझ्या मामाचं शेत होतं. मामाने त्यातला एक एकर मला वापरायला दिला. मधला धुरा ओलांडला की काकाजींचं वावर. पहिल्याच दिवशी मी त्यांना माझा आराखडा दाखवला, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. इथे फळझाडं, इथे भाजीचे गोल वाफे, इथे बदकं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आता काय हाय तिथं?" मी म्हटलं, आता काहीच नाही. त्यांनी कागद परत दिला आणि मला त्यांच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात नेलं. हिवराच्या झाडाखाली दोन दगड होते. हे तुझं गेट, नंबर तीन, असं सांगून ते निघून गेले. रोज अर्धा तास तिथे बसायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. रेल्वे फाटकावरच्या गेटमनचं काम बसायचं आणि चावीवाल्याचं चालायचं. ज्याला बसता येत नाही त्याने चालूच नये, असा त्यांचा सिद्धांत होता.

एक आणि दोन नंबरच्या गेटांवर कोण बसतं, हे मी विचारलं. एकावर ते स्वतः बसत. दोनवर काकू बसतील अशी त्यांना जमीन घेतल्यापासून आशा होती.

कोर्समध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं, एक जागा धरून रोज बसायचं. पण तिथे ते इंग्रजीत शिकवलं होतं, चटईवर, मंद वाऱ्यात. इथे मुंगळे होते. आणि कबूल करायला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटायचं की प्रमाणपत्र माझ्याकडे आहे आणि बसवणारा हा कोण. मी आठवड्याने वही दाखवली. 'अत्यंत शांत वाटलं' असं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं. काकाजींनी खिशातून पेन काढून ते खोडलं. "दिसलं ते लिव. वाटलं ते घरी ठेव." हे वाक्य नंतर मी हजार वेळा ऐकलं. कोतवाल पक्षी गाईच्या पाठीवर बसून पाच वेळा उडाला आणि तीन वेळा किडा घेऊन आला, असं एकदा लिहिलं, तेव्हा त्यांनी पानाखाली सही केली. त्या दिवशी मला प्रमाणपत्रापेक्षा जास्त आनंद झाला होता, पण तसं मी कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात मी माझ्या एकरात समपातळीत चर खणायला घेतले. पावसाचं पाणी चरात अडवायचं, जमिनीत जिरवायचं, काठच्या बांधावर तूर आणि झाडं लावायची. कोर्समध्ये आणि व्हिडिओंत पाहिलेली ही सगळ्यात देखणी गोष्ट होती. मामाने विचारलं नाही, मजूर हसले नाहीत. काकाजी फेरी संपवून धुऱ्यावर येऊन उभे राहिले. चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले.

"पानी कुठी जाईन?"

"कुठंच जाणार नाही, काकाजी. तेच तर आहे."

त्यांनी हातोडी खांद्यावर घेतली. "बरं," म्हणाले आणि गेले.

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाणी प्याली की फुगून सगळी तोंडं बंद. मी ज्या चरांचे व्हिडिओ पाहिले होते ते कुठल्यातरी मुरमाड, वाळूच्या मुलखातले. हा फरक मला पाठ होता, परीक्षेत लिहिलाही होता. फक्त मामाच्या शेतात उभी असताना आठवला नाही. आषाढात चर भरले. मी फोटो काढून इंटरनेटवर टाकले, आभाळ पाण्यात उतरलेलं, लोकांनी वाहवा केली. श्रावणात चर तसेच भरलेले. मग तूर खालून पिवळी पडायला लागली आणि भाद्रपदात उभ्या उभ्या वाळली. गावाने त्या एकराचं नाव 'पोरीचा तलाव' ठेवलं. मामा भला माणूस, त्याने फक्त एकदा विचारलं, मासोळ्या सोडायच्या का?

आश्विनात वर्ध्याच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. आषाढातले फोटो त्यांनी पाहिले होते. मुलांना आठवड्यातून दोन दिवस निसर्ग आणि शेती शिकवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. आधी चाळीस मुलं आणि काही पालक घेऊन माझं शेत बघायला येणार आणि मग ठरवणार. दिवाळीला पंधरा दिवस होते. नागपूरच्या मुलाखतीचा दिवसही ठरला होता. माझ्याकडे दाखवायला मेलेली तूर आणि गुडघाभर चिखल होता.

मी काकाजींकडे गेले. त्यांच्या वावरात तेव्हा सगळं होतं. वरून खाली उताराने जाणारी गवती नाली, तिच्या शेवटी छोटं शेततळं, पेरू, सीताफळ, तूर माझ्या डोक्याच्या वर. मी म्हटलं, पाहुण्यांना तुमच्याच शेतात आणते, आपण दोघांनी मिळून केलं असं सांगते. ते लगेच हो म्हणाले. काकूंनी पोहे किती लागतील ते विचारलं. काम झालं होतं, गुपचूप घरी जायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. इतक्या सहज हो म्हटल्याचाच मला राग आला. मी विचारलं, तुम्हाला जर तेव्हाच कळलं होतं तर सांगितलं काऊन नाही?

काकाजी उठून आत गेले आणि उन्हाळ्याची वही घेऊन आले. पान काढून माझ्यापुढे धरलं. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'बाजूच्या वावरात चर. पाण्याला बाहेर वाट नाही. बाईला विचारले. लाल झेंडी दाखवली नाही. चूक चावीवाल्याची.'

मी दोनदा वाचलं.

"काळ्या मातीवर रूळ टाकला तं आमचं अर्धं काम नाल्या साफ ठेवाचंच," ते म्हणाले. "पानी थांबलं का माती फुगते, रूळ बसते. मले दिसत होतं, पोरी."

"मग?"

"तू शिकून आली होती. मी चौथी पास. मले वाटलं, हिले असं काई ठाऊक असन जे आपल्याले नाई." त्यांनी वही मिटली. "चावीवाल्यानं पाह्यलं अन् झेंडी नाई दाखवली, तं पडलेली गाडी डायवरची नसते. चावीवाल्याची असते."

मला रडू आलं. तूर गेली म्हणून नाही. हा माणूस माझ्यापुढे गप्प बसला, कारण मी त्याच्यापुढे सगळं ठाऊक असल्यासारखी वागत आले होते, हे मला तेव्हा समजलं. काकूंनी पाण्याचा गिलास आणून दिला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच मला मारलं.

शाळेची बस आली त्या सकाळी शेताकडच्या पांदणीच्या शेवटी मी मुलांच्या पुढे चालत होते. डावीकडे काकाजींचं वावर, बोरीवर हिरवी झेंडी, चटया अंथरलेल्या, पोह्यांचा वास येतो आहे. उजवीकडे तलाव. रात्रभर काही ठरवलं नव्हतं, तिथे पोचल्यावरही ठरवलं असं म्हणता येणार नाही. पाय उजवीकडे वळले. मुलं चराच्या काठावर गोळा झाली, पालक नाकाला रुमाल लावून मागे थांबले. मी विचारलं, इथं काय दिसतं? वाटतं ते नको, दिसतं ते सांगा.

चिखल. मेलेली झाडं. बेडूक. एका मुलीने सांगितलं की इकडची झाडं मेली आहेत आणि तिकडच्या काकांची जिवंत आहेत, आणि दोघांची माती सारखीच काळी आहे. मग त्यांना बादल्या दिल्या. एक बादली माझ्या चरात, एक काकाजींच्या नालीत. नालीतलं पाणी गवतातून हळूहळू सरकत तळ्याकडे निघालं, मुलं त्याच्याबरोबर रांगत गेली. चरातलं जागेवरच राहिलं. तासाभरात त्यांनी स्वतःच शोधून काढलं की माझं काय चुकलं. दोघं-तिघं तर हाताने माती उकरून माझ्या तलावाला वाट करून द्यायला लागले. मुख्याध्यापिकांच्या साडीला चिखल लागला होता.

त्या मुलीने मग विचारलं, "तुम्हाला आधी कोणी सांगितलं नाही का?"

"एकानं विचारलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

काकाजी धुऱ्यावर येऊन उभे होते, खांद्यावर हातोडी. चाळीस पोरांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. घसा खाकरून म्हणाले, "अन् विचारनाऱ्यानं जोरात सांगतलं नाई. तेही लिवा."

मुलांनी खरंच लिहिलं. मग सगळे पोहे खायला गेले.

मुख्याध्यापिका जाताना आभार मानण्यापलीकडे काही बोलल्या नाहीत. आठ दिवस फोन नाही. मी नागपूरच्या मुलाखतीचे कपडे इस्त्री करून ठेवले. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर सोमवार-गुरुवार या, आणि पुढच्या वर्षी जे चुकणार असेल ते मुलांना आधी ओळखू द्या. वडिलांनी इस्त्रीचे कपडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, शाळेत घालायला होतील.

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. आता एकाच्या तीन शाळा झाल्या आहेत. रविवारी मोठी माणसं येतात, वडनेरचा बायकांचा एक गट वर्षभर येतो आहे, आणि खरोखरच मी लोकांना झाडाखाली बसवते आणि लोक बसतात. नालवाडीची शेजारीणही एकदा बसून गेली, मुंगळे फार म्हणाली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एक गेट आणि नंबर मिळतो. तलाव मी बुजवला नाही. चरांना उतार दिला, वाट दिली, तिथे आता तूर बरी येते, पण शिकवायला सुरुवात मी तिथूनच करते.

काकाजींचे गुडघे गेले. आताशा फेरी फक्त वरच्या धुऱ्याने होते, निम्मी. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जातात तेव्हा काठी घेतात, शेतात मात्र घेत नाहीत. झाडांना ठोका देणं चालू आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी गेले तर खालच्या कोपऱ्यात, माझ्या तीन नंबरच्या गेटाजवळ, विटा पडलेल्या. मिस्त्री दोरी धरून उभा, पाया खणायला सुरुवात झालेली. काकाजी खुर्चीत बसून देखरेख करत होते. मला पाहून खूष झाले. तुझ्या पोरांसाठी ओटा बांधतो आहे, म्हणाले, पक्का, हिवराच्या सावलीत, तुझ्याच गेटावर. मला न सांगता सगळं ठरवलं होतं. काकू हळूच म्हणाल्या, महिनाभर हेच चाललं आहे, रात्रीही ओटाच.

मी त्या दगडांवर आठ वर्षं बसले आहे. पाऊस थांबल्यावर, भाद्रपदाच्या शेवटी, त्या जागी जमिनीतून पाणी वर येतं. आठ-दहा दिवस राहतं, खेकडे ओल्या मातीची बिळं काढतात, मग आटतं. माझ्या आठही वह्यांत ते लिहिलेलं आहे, काही पानांखाली त्यांची सहीही आहे; ओट्याच्या नादात ते त्यांच्या लक्षातून गेलं असावं. तेव्हा गवत छातीएवढं असतं, वरच्या धुऱ्यावरून काही दिसत नाही. तिथे ओटा बांधला तर दोन पावसाळ्यांत मधोमध तडकणार. पण समोर बसलेला माणूस काळी माती माझ्या जन्माआधीपासून ओळखतो. आणि ओटा माझ्यासाठी होता. मला वाटलं, त्यांना असं काही माहीत असेल जे मला नाही.

हे वाटलं आणि मी चपापले. हेच वाक्य मी ऐकलेलं होतं.

बोरीजवळ गेले, खालच्या डब्यातून लाल झेंडी काढली, परत आले आणि त्यांच्या समोर उभी राहून ती उघडून धरली. मिस्त्री दोरी सोडून बघत राहिला.

"काऊन वं?" काकाजी म्हणाले.

"भाद्रपदात इथं पानी निंगते, काकाजी. आठ वर्सं पाहून राह्यली मी."

त्यांनी झेंडीकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले, पायाच्या खड्ड्यापर्यंत गेले, वाकता येत नव्हतं म्हणून मिस्त्रीकडून मूठभर माती मागून घेतली, चोळली, फेकली. मिस्त्रीला विटा वर, निंबाजवळ न्यायला सांगितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि कौतुक असलं तरी ते त्यांनी घरी ठेवलं असावं.

मग खिशातून वही आणि पेन काढून माझ्यापुढे केले. "लिव."

मी लिहिलं: 'गेट नंबर तीन. पाणी दिसले. लाल झेंडी दाखवली. गाडी थांबली.'

त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली. "सही राह्यली," म्हणाले. इतकी वर्षं माझ्या वहीत त्यांची सही होत होती. त्यांच्या वहीत मी माझी केली.